‘घबराट’ या शब्दाआड

अपघाताच्या मराठी वृत्तांतात एक वाक्य हमखास सापडते : प्रवाशांमध्ये घबराट पसरली. बोट बुडो, आगगाडी घसरो, पूल कोसळो की विमान पेटो, वाक्य तेच राहते. वाचकही ते न अडखळता ओलांडून मृतांच्या आकड्याकडे जातो. भाषा शिकवणे हा आमचा व्यवसाय असल्यामुळे असेल, पण आम्ही या वाक्यापाशी थांबतो. ‘घबराट’ येथे वर्णन करते आहे की निकाल देते आहे? आणि निकालच असेल, तर तो कोणाच्या विरुद्ध आणि कोणाच्या बाजूने?

प्रश्न शब्दकोशापुरता असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या वर्गात डोलवी, गडब, कासू, वडखळ अशा गावांतून विद्यार्थी येतात. डोलवी धरमतर खाडीच्या काठचे गाव. आज ते पोलादाच्या कारखान्यामुळे ओळखले जात असले, तरी या सबंध खाडीपट्ट्याची जुनी ओळख पाण्याच्या वाटेची आहे. त्या वाटेच्या तोंडाशी रेवस बंदर आहे, आणि रेवस म्हटले की आजही जुन्या घरांतून एक नाव निघते : ‘रामदास’.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या, म्हणजे गटारीचा दिवस. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. ‘रामदास’ ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी गावी जाणाऱ्या माणसांनी ती भरलेली होती. पाऊस व वारा वाढला, आणि काश्याच्या खडकापाशी बोट कलंडून बुडाली. निघाल्यापासून तासाभराच्या आत सगळे संपले. सहाशेहून अधिक माणसे गेली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिलेला आढळतो. त्या काळी कोण बोटीवर चढले याची नेमकी नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती, हेही त्या विसंगतीमागचे एक कारण. ही बोट परक्या कंपनीची नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. परदेशी आगबोटींशी स्पर्धा करण्यासाठी उभ्या राहिलेल्या, लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून आपलीशी केलेल्या सहकारी कंपनीची ती बोट होती.

‘रामदास’ची कथा सांगताना पिढ्यान् पिढ्या एक वाक्य सांगितले जाते. लाट आली, प्रवासी घाबरून एका बाजूला धावले आणि त्यामुळे बोट उलटली. यात तथ्य नाही असे आमचे म्हणणे नाही. शेकडो माणसांचा भार एकदम एका अंगाला गेला तर बोटीचा तोल जातोच. पण वाक्याची रचना पाहावी. ‘प्रवासी धावले’ हा त्यातला कर्ता आणि क्रिया. ‘बोट उलटली’ हा परिणाम. मोकळ्या डेकवर माणसे दाटीवाटीने का उभी होती, भर पावसाळ्यात त्या हवामानात बोट का सोडली गेली, जीवरक्षक साधने किती होती, बिनतारी संदेशयंत्र का नव्हते, ज्यामुळे मुंबईला बातमी पोचायला कित्येक तास लागले, हे सगळे प्रश्न त्या वाक्याच्या बाहेर राहतात. ओल्या, कलणाऱ्या फळ्यांवरून माणूस वर चढत नाही, तो खाली घसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते धावणे वाटते.

मराठीत या प्रसंगांसाठी शब्दांची मोठी संपत्ती आहे : पळापळ, रेटारेटी, चेंगराचेंगरी, धक्काबुक्की. बहुतेक द्विरुक्त नामे, आणि बातमीत बहुधा ‘होणे’ या क्रियापदाबरोबर येणारी. चेंगराचेंगरी होते, ती कोणी करत नाही. जानेवारी २००५ मध्ये साताऱ्यातील मांढरदेवीला अडीचशेहून अधिक भाविक मेले, सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर वीसहून अधिक प्रवासी मेले. दोन्ही ठिकाणी ‘चेंगराचेंगरी झाली’. अरुंद जिन्याला व्याकरणात कर्तेपद मिळत नाही. भाषेची ही सोय निरागस आहे असे आम्हांस वाटत नाही.

या शब्दांमागे एक विचारपरंपराही उभी आहे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाचे जमावाच्या मानसशास्त्रावरील पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध झाले. माणूस एकटा असताना विवेकी असतो, गर्दीत शिरला की त्याचा विवेक सुटतो आणि तो आदिम पातळीवर उतरतो, हे त्या पुस्तकाचे सार. पॅरिसमधील उठावांची धास्ती घेतलेल्या वर्गाला हा सिद्धांत पटणे स्वाभाविक होते. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना तर तो फारच सोयीचा होता. पुढे १९५० नंतरच्या दशकांत एन्रिको क्वारान्तेली यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष आपत्तींतून वाचलेल्या माणसांशी बोलून या समजुतीची तपासणी केली. माणसे सहसा सैरावैरा धावत नाहीत. ती आपल्या माणसांना शोधतात, अनोळखी माणसाला हात देतात, आणि पळतात ती बाहेरची वाट बंद होत चालली आहे असे दिसले तर. म्हणजे पळण्यातही हिशेब असतो. विद्यापीठांत हे निष्कर्ष आता जुने झाले. वृत्तलेखनात मात्र अजून ल बाँचेच राज्य आहे.

पेटलेल्या विमानाइतकी या वादाची कठोर कसोटी दुसरी नाही. बोट बुडायला काही मिनिटे लागतात, विमानाच्या आतल्या आगीत हिशेब सेकंदांचा असतो. आसनांचा फोम, भिंतींचे प्लास्टिक पेटले की माणसे ज्वाळेने भाजण्याआधी विषारी धुराने पडतात. म्हणून अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने १९६५ साली नियम केला की नव्या विमानातून सगळे प्रवासी १२० सेकंदांत बाहेर काढता येतात हे उत्पादकाने करून दाखवावे. १९६७ मध्ये ही मर्यादा ९० सेकंदांवर आणली. अंधार करून, निम्मी दारे बंद ठेवून ही परीक्षा होते. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए ३८० या दुमजली विमानातून ८७३ माणसे ७८ सेकंदांत उतरली. मात्र ती सगळी स्वेच्छेने आलेली होती, आणि विमान पेटलेले नव्हते.

येथे दोन अपघात शेजारी ठेवून पाहू. पहिला २२ ऑगस्ट १९८५ चा, इंग्लंडमधील मँचेस्टरचा. ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावत असताना डाव्या इंजिनाचा भाग फुटला, त्याच्या तुकड्याने पंखातील इंधनटाकीचे झाकण फोडले आणि आग लागली. वैमानिकांना आवाज ऐकू आला, त्यांना टायर फुटल्यासारखे वाटले. उड्डाण वेळेत रद्द झाले, विमान धावपट्टीवरून बाजूला वळवून उभे केले गेले. जमिनीवर उभे असलेले, न मोडलेले विमान, अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर, आणि तरीही विमानातील १३७ जणांपैकी ५५ जण मेले, बहुतेक धुराने. पुढचे उजवे दार उघडताना अडकले. पंखावरच्या निर्गमद्वाराचे अवजड झाकण आत कोसळून ते उघडणाऱ्या प्रवासी स्त्रीवर पडले. पुढच्या भागातील दोन आडभिंतींमधली फट इतकी अरुंद होती की तेथे माणसे एकमेकांत अडकली.

दुसरा अपघात आपल्या घरचा. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), चिकलठाणा विमानतळ. इंडियन एअरलाइन्सचे दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जाणारे ४९१ क्रमांकाचे विमान भर दुपारी निघाले. हेही बोइंग ७३७, त्याच जुन्या बनावटीचे. त्यात ११८ माणसे. धावपट्टीच्या अगदी टोकाशी ते जमिनीवरून उठले आणि टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावरील एका मालमोटारीला त्याचे डावे चाक व इंजिनाचा खालचा भाग धडकला. मालमोटारीत कापसाच्या दाबलेल्या गाठी होत्या. जखमी विमान काही अंतर उडाले, उच्चदाबाच्या विद्युततारांना अडकले, जमिनीवर आपटले आणि पेटले. ५५ जण मेले, ६३ वाचले. मँचेस्टरमध्येही ५५ आणि येथेही ५५. हा केवळ योगायोग आहे, पण दोन्हींची तुलना करताना तो मनातून जात नाही.

औरंगाबादच्या अपघाताची चौकशी झाली आणि ठपका दोन ठिकाणी ठेवला गेला : वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले यावर, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक न रोखणाऱ्या विमानतळ प्राधिकरणावर. मराठवाड्याच्या इतिहासाचा अभ्यासक यात आणखीही काही वाचू शकेल. कापसाची गाठ आणि विमानाचे चाक एका बिंदूवर येणे हे त्या प्रदेशाच्या एका काळाचे चित्रच आहे. जिनिंगच्या कारखान्यांतून निघालेला माल आणि पर्यटन, उद्योग यांच्यासाठी आलेले विमान, दोघांना तोच रस्ता, आणि मध्ये फाटक नाही. असो. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, मोडक्या व पेटत्या विमानातून निम्म्याहून अधिक माणसे जिवंत बाहेर पडली, तर मँचेस्टरच्या अखंड विमानात फटी व झाकणे यांमुळे मृत्यू झाले. दोन्ही ठिकाणी माणसे घाबरलेली होतीच. भीती दोन्हीकडे समान धरली, तरी परिणाम ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघतात.

मँचेस्टरनंतर क्रॅनफिल्ड येथे हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जे प्रयोग केले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही माहीत करून घ्यावेत असे आहेत. निरुपयोगी झालेल्या एका ट्रायडंट विमानात त्यांनी स्वयंसेवक बसवले. नुसते ‘बाहेर या’ म्हटले की माणसे रांगेत, शहाण्यासारखी उतरत. तेव्हा त्यांनी जाहीर केले की बाहेर पडणाऱ्या पहिल्या निम्म्या लोकांना प्रत्येकी पाच पौंड जादा मिळतील. त्याबरोबर त्याच माणसांची अरुंद जागेत कोंडी झाली, माणसे एकमेकांवर पडली. फट रुंद केल्यावर कोंडी कमी झाली. पाच पौंडांसाठी जर असे होते तर प्राणांसाठी काय होईल, हा पहिला धडा. दुसरा धडा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. वागणूक तीच ठेवून वाट बदलली तर निकाल बदलतो.

पुढे याच प्रयोगमालेत सेविका व सेवकांच्या वागण्याची तपासणी झाली. कर्मचारी दाराशी उभे राहून ठामपणे, मोठ्याने आज्ञा देत आणि हाताने माणसांना पुढे ढकलत, तेव्हा विमान लवकर रिकामे होई. कर्मचारी उपस्थित, पण सौम्य व संकोची असले तर निकाल जवळपास कर्मचारी नसल्यासारखाच लागे. येथे व्याकरणाचा मास्तर जागा होतो. आपली सार्वजनिक मराठी विध्यर्थाची आहे : प्रवाशांनी नोंद घ्यावी, रांगेत उभे राहावे, सहकार्य करावे. विध्यर्थात आज्ञा विरघळून जाते, कोणाचाही अपमान होत नाही, आणि कोणी ऐकतही नाही. आज्ञार्थ मात्र एकदोन अक्षरांत आटोपतो : उठा, सोडा, या, उडी मारा. आदरार्थी बहुवचन राखूनही तो तोडून बोलता येतो, हे मराठीचे सामर्थ्यच म्हटले पाहिजे. आपल्याकडील विमानांत या आज्ञा प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीतून येतात. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या एखाद्या आजीला धुरात कोणत्या भाषेतले क्रियापद कळेल, हा प्रश्न अस्मितेच्या भाषणांत कधी येत नाही. तो तेथे यायला हवा होता.

आज्ञा न मिळण्याचा परिणाम रियाधला दिसला. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदिया कंपनीचे ट्रायस्टार विमान कराचीहून येऊन रियाधमार्गे जेद्दाला जात असताना उड्डाणानंतर काही मिनिटांत मागच्या भागात धूर झाला. वैमानिकाने विमान परत फिरवून सुखरूप उतरवले. उतरल्यावर ते तत्काळ थांबवले नाही, धावपट्टी सोडेपर्यंत चालवत नेले. थांबल्यावरही इंजिने काही काळ सुरूच होती. विमान रिकामे करायचे का, असे कर्मचाऱ्यांनी उतरण्यापूर्वी पुन्हा पुन्हा विचारले होते. स्पष्ट होकार मिळाला नाही. बाहेरून दार उघडले तोवर वीसहून अधिक मिनिटे गेली होती. विमानातील ३०१ पैकी एकही जण वाचला नाही. सुखरूप उतरलेल्या विमानातील हे मरण आहे. वरिष्ठाचा शब्द आल्याखेरीज हलायचे नाही, ही शिकवण अंगात किती खोल मुरलेली असू शकते!

घबराटीच्या नेमके उलट टोकही आहे, आणि वृत्तांतलेखकांना ते बहुधा दिसत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. पॅन अ‍ॅमच्या विमानातील ३९६ जणांपैकी ६१ वाचले. आदळल्यानंतरही काही प्रवासी पट्टा न सोडता आपापल्या जागी नुसते बसून होते, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. मराठीला ही अवस्था ठाऊक आहे : हातपाय गळणे, थिजणे, बावचळणे. हे शब्द एकट्या माणसाच्या शरीरातून आलेले आहेत. पण अपघाताच्या बातमीत ते वापरले जात नाहीत, कारण गर्दी थिजू शकते ही कल्पनाच ल बाँच्या चौकटीत बसत नाही.

सामानाचा प्रश्न अलीकडे फार चर्चिला जातो. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर घसरले व पेटले. आतील सर्व ३०० माणसे वाचली. आग विझवणारा एक जवान मात्र स्फोटात गेला. धूर भरत असताना वरच्या कप्प्यांतून पिशव्या काढणाऱ्या प्रवाशांचे चित्रण जगभर पाहिले गेले, आणि आपल्या लोकांना शिस्त नाही, अशी टीका आपल्याच लोकांनी केली. वागणे चुकीचेच होते. एक पिशवी म्हणजे मागच्या माणसाची काही सेकंदे. परंतु ही सवय भारतीयांची नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० साली केलेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या प्रवाशांनी सामान घेण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. शिवाय आखातात नोकरीला जाणाऱ्या माणसाच्या त्या पिशवीत पारपत्र असते, करारपत्र असते, प्रमाणपत्रे असतात. ती जळाली तर वाचलेला माणूस परक्या देशात कोण म्हणून उभा राहील? टीकाकारांच्या मनात हा प्रश्न आला नाही.

याउलट २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षकांच्या विमानातील सहापैकी पाच जण मेले, पण प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बाहेर आले. अंतर्गत ध्वनियंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी कर्ण्यावरून आणि नुसत्या आवाजावर काम चालवले. आठपैकी तीनच दारे उघडण्याजोगी होती. मागच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्यांनी, वैमानिकाचा आदेश पोचत नाही हे पाहून, बाहेरची परिस्थिती तपासून स्वतःच्या जबाबदारीवर दार उघडले. सामान जवळजवळ कोणी घेतले नाही. लगेच जपानी स्वभावाचे गोडवे सुरू झाले. आम्हांस स्वभावापेक्षा इतिहास महत्त्वाचा वाटतो. याच कंपनीचे विमान १२ ऑगस्ट १९८५ रोजी डोंगरावर कोसळून ५२० माणसे मेली होती, आणि २००६ पासून त्या विमानाचे अवशेष कंपनीने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एका केंद्रात मांडून ठेवले आहेत. रियाधला जे घडले नाही, ते हानेदाच्या मागच्या दाराशी घडले याचे मूळ अशा शिक्षणात शोधावे लागेल.

रायगड जिल्ह्यात आता स्वतःचा विमानतळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी रेवसच्या बोटीचे तिकीट काढले, त्यांची नातवंडे आता तेथे नोकरीचे अर्ज करत आहेत, काही मुली विमानसेविकेच्या प्रशिक्षणाची चौकशी करतात. त्या धंद्याकडे हसरा चेहरा आणि चहाचा ट्रे एवढ्याच दृष्टीने पाहणाऱ्या पालकांना आम्ही हानेदाच्या मागच्या दाराची हकिकत सांगतो.

‘रामदास’च्या दिवशी त्या पाण्यात आणखीही माणसे होती. रेवसकडच्या कोळ्यांची मचवे मासळी घेऊन मुंबईकडे निघाली होती. बुडणारी माणसे दिसल्यावर त्यांनी पापलेटने भरलेल्या टोपल्या समुद्रात ओतल्या, जागा केली आणि हाताला लागतील तितकी माणसे वर ओढली, असे रेवसच्या परिसरात सांगितले जाते. मचव्यावर तांडेलाचा शब्द चालतो. वादळात शीड उतरवायचे की ठेवायचे, माल टाकायचा की राखायचा, हे तो एका शब्दात सांगतो आणि खलाशी ते त्या क्षणी करतात; त्यासाठी लागणारा सराव रोजच्या मासेमारीतच होत असतो. या हकिकतीला आपल्या मराठीच्या पाठ्यपुस्तकांत एखाददुसरे पान मिळावे, असे आम्ही अभ्यासमंडळांच्या सभांत सुचवत आलो आहोत.